अमेरिकेच्या काउंटी तुरुंगातील आप्ताला मदत करताना : भारतातील कुटुंबीयांसाठी माहिती

नवी दिल्ली : अमेरिकेत शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या भारतीयाला अटक झाली, तर त्याचा पहिला मुक्काम बहुधा ‘काउंटी जेल’मध्ये असतो. घरी ही बातमी पोहोचते ती बऱ्याचदा त्याच्या खोलीतील मित्राकडून, अर्धवट आणि अवेळी. पुढील दोन-तीन दिवसांत कुटुंबीय जे करतात किंवा करत नाहीत, त्यावर सुटकेबरोबरच त्याचे शिक्षण, नोकरी आणि अमेरिकेतील वास्तव्यही अवलंबून असते.

आपल्याकडे अशा वेळी तीन गोष्टी सवयीने सुचतात. पोलिसांना सगळे नीट समजावून सांगावे, समोरच्या पक्षाशी बोलून प्रकरण मिटवावे आणि पैसे भरून माणूस आधी बाहेर काढावा. अमेरिकेत या तिन्ही उपायांनी नुकसान होऊ शकते. परदेशी नागरिकाच्या बाबतीत एकाच अटकेमुळे दोन स्वतंत्र कायदे कामाला लागतात : राज्याचा फौजदारी कायदा आणि संघराज्याचा स्थलांतरविषयक कायदा. पहिल्यातून सुटण्याचा सोपा रस्ता अनेकदा दुसऱ्यात अडकवणारा असतो.

काउंटी तुरुंग म्हणजे काय

काउंटी हा राज्यांतर्गत प्रशासकीय घटक असून ढोबळमानाने त्याची तुलना आपल्या जिल्ह्याशी करता येईल. देशात तीन हजारांहून अधिक काउंटी आहेत. तेथील तुरुंग बहुतेक ठिकाणी शेरीफच्या ताब्यात असतो. मुंबईकरांना शेरीफ म्हणजे नगरपाल हे मानाचे, समारंभापुरते पद ठाऊक आहे. अमेरिकेतील शेरीफ मात्र बहुधा मतदारांनी निवडून दिलेला, सशस्त्र दल बाळगणारा अधिकारी असतो आणि त्याच्या तुरुंगाचे नियम शेजारच्या काउंटीहून पूर्णपणे वेगळे असू शकतात. त्यामुळे ‘माझ्या ओळखीच्या एकाला असा अनुभव आला होता’ ही माहिती दुसऱ्या काउंटीत उपयोगी पडेलच असे नाही.

अमेरिकी व्यवहारात ‘जेल’ आणि ‘प्रिझन’ हे दोन वेगळे शब्द आहेत. खटल्याची वाट पाहणारे कच्चे कैदी आणि साधारण वर्षभराच्या आतील शिक्षा भोगणारे लोक ‘जेल’मध्ये असतात, तर दीर्घ शिक्षेचे कैदी राज्याच्या किंवा संघराज्याच्या ‘प्रिझन’मध्ये जातात. स्थानिक तुरुंगांतील दोन-तृतीयांशाहून अधिक लोकांवरील आरोप सिद्ध झालेला नसतो. भारतातील तुरुंगांत हे प्रमाण सुमारे तीन-चतुर्थांश आहे, म्हणजे या बाबतीत दोन्ही देशांत फारसे अंतर नाही. संघराज्याची स्थलांतर अंमलबजावणी यंत्रणा, जी ‘आइस’ या नावाने ओळखली जाते, तीही अनेक काउंटी तुरुंगांतील जागा भाड्याने वापरते. म्हणून आप्त काउंटी तुरुंगात आहे एवढे कळणे पुरेसे नाही. तो कोणाच्या ताब्यात आहे, शेरीफच्या की ‘आइस’च्या, हे आधी विचारावे.

आधी शोध, मग पैसे

अटकेनंतर बोटांचे ठसे, छायाचित्र, सामानाची नोंद आणि आरोग्याविषयीचे प्रश्न अशी प्रक्रिया होते. तिला ‘बुकिंग’ म्हणतात. ती पूर्ण व्हायला काही तास लागतात आणि तोवर नाव कोठेही सापडत नाही. नंतर शेरीफच्या संकेतस्थळावरील कैदी-शोध यादीत नाव, आरोप, जामिनाची रक्कम आणि बुकिंग क्रमांक दिसू लागतो. अनेक राज्यांची माहिती ‘व्हाइनलिंक’ या सेवेवरही मिळते. बुकिंग क्रमांक लिहून ठेवावा, कारण वकील, पैसे, भेट या सर्वांसाठी तोच लागतो.

भारतीय नावांचा येथे हमखास घोळ होतो. मराठी पारपत्रात व्यक्तीच्या नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव जोडलेले असते, आणि तुरुंगाच्या नोंदीत कधी ते नावाचा भाग बनते, कधी गाळले जाते. दक्षिण भारतातील अनेकांच्या पारपत्रात एकच नाव असते. अशांच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ ही तीन अक्षरे छापलेली असतात आणि तुरुंगाच्या यादीतही कधी तेच ‘नाव’ म्हणून उतरते. शोधताना आडनाव, पहिले नाव, वडिलांचे नाव यांची अदलाबदल करून पाहावी आणि जन्मतारीख हाताशी ठेवावी. ‘आइस’च्या ताब्यातील व्यक्तीसाठी वेगळी ऑनलाइन शोधयादी आहे. तीत परदेशी नागरिकाचा ‘ए’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक किंवा नाव आणि जन्मदेश द्यावा लागतो.

शोध लागण्यापूर्वी पैसे पाठवू नयेत. ‘तुमचा मुलगा अटकेत आहे, जामिनासाठी तातडीने रक्कम भरा’ असे सांगून लुबाडण्याचा प्रकार अमेरिकेत जुना आहे. तेथे आजी-आजोबांना नातवाच्या नावाने असे फोन येतात आणि सरकारी यंत्रणा त्याविषयी वारंवार इशारे देतात. ‘डिजिटल अटके’च्या फसवणुकीमुळे भारतीय वाचकांना ही पद्धत अपरिचित नाही. कोणतेही न्यायालय जामिनाची रक्कम गिफ्ट कार्डाने किंवा आभासी चलनाने मागत नाही. आलेल्या क्रमांकावर उलट फोन न करता शेरीफ कार्यालयाचा प्रसिद्ध क्रमांक स्वतः शोधून त्यावर विचारणा करावी.

फोनवर काय बोलू नये

आपल्याकडे पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. पूर्वीच्या पुरावा कायद्यातील हा नियम भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम २३ मध्ये कायम आहे. अमेरिकेत असे संरक्षण नाही. पोलिसांना स्वेच्छेने सांगितलेली प्रत्येक गोष्ट न्यायालयात वापरता येते. १९६६ च्या मिरांडा खटल्यामुळे ताब्यातील व्यक्तीला चौकशीपूर्वी मौनाचा आणि वकिलाचा हक्क सांगावा लागतो. मात्र तो हक्क बजावण्यासाठी नुसते गप्प बसणे पुरत नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बर्गिस विरुद्ध थॉम्पकिन्स या प्रकरणात ठरवले. ‘मला वकील हवा आहे, वकिलाशिवाय मी बोलणार नाही’ हे वाक्य स्पष्ट शब्दांत उच्चारावे लागते. नाव, जन्मतारीख अशी ओळख पटवणारी माहिती द्यावी. आपला जन्म कोठे झाला किंवा देशात कसा प्रवेश केला, याविषयीच्या प्रश्नांची उत्तरे वकिलाच्या सल्ल्यानंतरच द्यावीत.

हीच शिस्त घरच्यांनाही लागू होते. वकिलाशी होणारे संभाषण वगळता तुरुंगातून होणारे फोन ध्वनिमुद्रित होतात, आणि सरकार पक्ष ते ऐकतो. मराठीत बोलल्याने काही झाकले जात नाही, कारण अनुवादक सहज मिळतात. ‘नेमके काय घडले ते सांग’ हा आईवडिलांच्या तोंडी पहिल्यांदा येणारा प्रश्न म्हणूनच विचारू नये. तब्येत कशी आहे, औषधे मिळाली का, न्यायालयाची तारीख कोणती, वकील भेटला का, एवढेच विचारावे आणि धीर द्यावा.

आणखी एक व्यावहारिक अडचण आहे. बऱ्याच तुरुंगांतून भारतात थेट फोन लावता येत नाही. त्यामुळे अमेरिकेतील मित्र किंवा नातलग फोन घेतो आणि त्याच वेळी भारतातील आईला दुसऱ्या मार्गावर जोडतो. बहुतेक तुरुंगांच्या दूरध्वनी व्यवस्थेत अशा तिघांच्या संभाषणास मनाई असते. जोडणी ओळखली गेली तर फोन तुटतो आणि कैद्याची फोनची सवलतही काही दिवस थांबू शकते. मित्राने निरोप लिहून घ्यावेत आणि नंतर स्वतंत्रपणे भारतात कळवावेत. हे फोन महाग असतात. मार्था राइट या आजीबाईंनी तुरुंगातील नातवाशी बोलण्याच्या खर्चाविरुद्ध दिलेल्या दीर्घ लढ्यातून त्यांच्या नावाचा कायदा झाला. जानेवारी २०२३ मध्ये अमलात आलेल्या या कायद्याने राज्यांतर्गत तुरुंग-फोनचे दरही संघराज्याच्या दळणवळण आयोगाच्या कक्षेत आणले.

वकील एक नव्हे, दोन

भारतातून येणाऱ्या फोनमध्ये हमखास ऐकू येणारी एक तक्रार म्हणजे ‘त्याला सरकारी वकील दिला आहे’. मराठीत सरकारी वकील म्हणजे आरोपीविरुद्ध उभा राहणारा. अमेरिकेतील ‘पब्लिक डिफेंडर’ नेमका उलट बाजूचा असतो. त्याचे वेतन सरकारी तिजोरीतून येते, पण तो आरोपीचाच वकील असतो. १९६३ च्या गिडियन विरुद्ध वेनराइट या निकालानंतर गंभीर गुन्ह्याच्या आरोपात वकील परवडत नसेल तर तो पुरवणे राज्यावर बंधनकारक झाले. पुढच्या निकालांनी हा हक्क तुरुंगवासाची शिक्षा होणाऱ्या लहान गुन्ह्यांपर्यंत नेला. त्यासाठी अमेरिकी नागरिक असण्याची अट नाही. या वकिलांवर कामाचा बोजा प्रचंड असतो हे खरे असले, तरी त्या काउंटीतील न्यायाधीश आणि तेथील रीत त्यांना जितकी ठाऊक असते तितकी दूरच्या शहरातील नामांकित कार्यालयाला असतेच असे नाही. केवळ ‘सरकारी’ या शब्दाला घाबरून कर्ज काढण्याचे कारण नाही.

खासगी वकील नेमायचा असल्यास संबंधित राज्याच्या बार संघटनेच्या नोंदवहीत त्याचा परवाना तपासावा आणि शुल्क लेखी ठरवावे. भारतातून पैसे पाठवणाऱ्या वडिलांना एक गोष्ट रुचत नाही, पण ती समजून घ्यावी लागते. शुल्क कोणीही भरले तरी अशील तुरुंगातील सज्ञान व्यक्तीच असते. वकील तिच्या संमतीशिवाय प्रकरणाचा तपशील कुटुंबाला सांगणार नाही.

परदेशी नागरिकासाठी फौजदारी वकिलाबरोबर स्थलांतर कायद्याचा जाणकारही पहिल्या आठवड्यातच गाठावा. २०१० मध्ये पडिला विरुद्ध केंटकी या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, गुन्हा कबूल केल्यास हद्दपारीचा धोका आहे की नाही याचा सल्ला देणे हे फौजदारी वकिलाचे कर्तव्य आहे. होजे पडिला हे चाळीसहून अधिक वर्षे कायदेशीर रहिवासी होते आणि व्हिएतनाम युद्धात अमेरिकेकडून लढले होते. ‘इतकी वर्षे येथे आहात, चिंता नको’ असा चुकीचा सल्ला मिळाल्याने त्यांनी गांजा वाहतुकीचा आरोप मान्य केला आणि हद्दपारीची कारवाई ओढवून घेतली. स्थलांतर न्यायालयात मात्र सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क नाही, तेथे खर्च स्वतःच करावा लागतो.

जामीन आणि ‘डिटेनर’

वॉरंटशिवाय अटक झाल्यास ती सकारण आहे का, याची न्यायिक तपासणी साधारणपणे ४८ तासांत व्हावी असे १९९१ च्या रिव्हरसाइड काउंटी विरुद्ध मॅक्लॉफलिन या निकालाने ठरले. प्रत्यक्ष न्यायाधीशापुढे उभे करण्याची मुदत राज्यागणिक बदलते. फ्लोरिडात ती २४ तास आहे. कॅलिफोर्नियात ४८ तास, पण रविवार आणि सुट्ट्या वगळून. शुक्रवारी रात्री झालेल्या अटकेत सोमवार-मंगळवार उजाडणे म्हणूनच अस्वाभाविक नाही.

न्यायाधीश आरोपीला जातमुचलक्यावर सोडू शकतो, रोख जामीन मागू शकतो किंवा जामीन नाकारू शकतो. पूर्ण रक्कम रोख भरल्यास खटला संपल्यावर, आरोपी सर्व तारखांना हजर राहिला असेल तर, न्यायालयीन खर्च वजा होऊन ती परत मिळते. ज्याच्या नावाची पावती, त्याला रक्कम मिळते, हे मित्रमंडळींतून वर्गणी जमवताना लक्षात ठेवावे. दुसरा मार्ग व्यावसायिक जामीन-एजंटचा. तो बहुधा जामिनाच्या दहा टक्के शुल्क घेतो आणि हे शुल्क परत मिळत नाही. ५०,००० डॉलरच्या जामिनावर साधारण ५,००० डॉलर गेले ते गेलेच. शिवाय हमीपत्रावर सही करणारा मित्र, आरोपी फरार झाल्यास, संपूर्ण रकमेला जबाबदार ठरतो. इलिनॉय, केंटकी, ऑरेगॉन आणि विस्कॉन्सिन या राज्यांत हा धंदाच चालत नाही. त्यांपैकी इलिनॉयने तर १८ सप्टेंबर २०२३ पासून रोख जामिनाची पद्धतही पूर्णपणे बंद केली. तेथे आरोपीला ठेवायचे की सोडायचे एवढाच निर्णय न्यायाधीश घेतो.

भारतातून रक्कम पाठवायची तर रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत विप्रेषण योजनेत एका व्यक्तीला आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरची मर्यादा आहे. मर्यादेपेक्षा वेळेचा प्रश्न मोठा असतो. बँकांच्या सुट्ट्या आणि कागदपत्रे यांत दिवस जातात, म्हणून अमेरिकेतील विश्वासू व्यक्तीने तेथे भरणा करून भारतातून नंतर परतफेड घेणे अधिक सोयीचे ठरते.

पण पैसे भरण्यापूर्वी एक प्रश्न विचारलाच पाहिजे : ‘डिटेनर’ लागले आहे का? बुकिंगच्या वेळचे बोटांचे ठसे गृहसुरक्षा खात्यापर्यंत आपोआप पोहोचतात. ‘आइस’ला ती व्यक्ती हद्दपारीस पात्र वाटली, तर सुटकेनंतरही ४८ तासांपर्यंत तिला रोखून ठेवावे अशी विनंती ती तुरुंगाकडे करते. हेच डिटेनर. टेक्सासमध्ये ही विनंती पाळणे राज्याच्या कायद्याने बंधनकारक आहे, तर कॅलिफोर्निया आणि इलिनॉयच्या कायद्यांनी असे सहकार्य बरेच मर्यादित केले आहे. डिटेनर असताना जामीन भरला, तर माणूस घरी येण्याऐवजी ‘आइस’च्या गाडीत बसून कदाचित दुसऱ्या राज्यातील कोठडीत जाऊ शकतो. मग फौजदारी खटल्याच्या तारखेला तो हजर राहू शकत नाही, आणि भरलेला जामीनही अडकून पडतो. स्थलांतर कोठडीतून सुटण्यासाठी वेगळा जामीन लागतो. तो मंजूर झालाच तर कायद्यानुसार किमान १,५०० डॉलर असतो, व्यवहारात बहुधा बराच अधिक. काही प्रकरणांत आधी जामीन भरणेच हिताचे असते, काहींत थांबणे. हा निर्णय दोन्ही वकिलांनी मिळून घ्यायचा असतो.

जानेवारी २०२५ मधील लेकन रायली कायद्याने, कायदेशीर प्रवेशाची नोंद नसलेल्या परदेशी नागरिकाला चोरी, घरफोडी, दुकानातील उचलेगिरी यांसारख्या आरोपाखाली नुसती अटक झाली तरी स्थलांतर कोठडीत ठेवणे सक्तीचे केले. आरोप सिद्ध होण्याची अट त्यात नाही. वैध व्हिसावर आलेल्यांची स्थिती वेगळी असली तरी निर्धास्त नाही. मद्यपान करून वाहन चालवल्याबद्दल अटक झाल्यास निकालापूर्वीच व्हिसा रद्द होऊ शकतो. मारहाण, चोरी किंवा घरफोडी केल्यास व्हिसा रद्द होऊन पुढेही नाकारला जाऊ शकतो, असा इशारा भारतातील अमेरिकी दूतावासाने जुलै २०२५ मध्ये दिला होता. व्हिसा हा प्रवेशासाठी असतो. तो रद्द होणे आणि देशात राहण्याचा दर्जा संपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विद्यार्थ्याचे वर्ग बुडणे किंवा ‘एच-१बी’धारकाची नोकरी जाणे यांचा त्या दर्जावर थेट परिणाम होतो. म्हणून विद्यापीठाला किंवा कंपनीला काय आणि किती कळवायचे, हेही वकिलाला विचारूनच ठरवावे.

घरातील भांडण, न्यायालयातील आदेश

भारतीय कुटुंबांच्या बाबतीत सर्वाधिक हानी होते ती घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणांत, आणि ती बऱ्याचदा मदत करायला निघालेल्या वडीलधाऱ्यांच्या हातून. रात्री भांडण होते, कोणीतरी ९११ हा क्रमांक फिरवते, पोलीस येतात आणि अनेक राज्यांत अशा वेळी अटक करणे त्यांना जवळपास बंधनकारक असते. सकाळी पत्नी म्हणते, ‘मला तक्रार मागे घ्यायची आहे.’ तिला तो अधिकार नसतो. खटला राज्याचा असतो, आणि तो चालवायचा की नाही हे सरकार पक्ष ठरवतो. आपल्याकडील तडजोडपात्र गुन्ह्याची कल्पना येथे लागू पडत नाही.

न्यायाधीश बहुधा पहिल्याच दिवशी संपर्कबंदीचा आदेश देतो. आरोपीने पत्नीला फोन, संदेश, ईमेल यांपैकी काहीही करायचे नसते, आणि दुसऱ्याकरवी निरोप पाठवणेही त्यात येते. अशा वेळी पुण्याहून सासू, नागपूरहून काका किंवा इंदूरहून मामा सुनेला फोन करून ‘घरातली गोष्ट घरात ठेव, जबानी बदल’ असे सांगू लागले, तर तो आदेशाचा भंग ठरू शकतो. त्यापुढे जाऊन साक्षीदारावर दबाव आणल्याचा नवा गुन्हाही दाखल होऊ शकतो. १९९६ पासून घरगुती हिंसाचारातील दोषसिद्धी आणि हिंसेपासून संरक्षणासाठी दिलेल्या आदेशाचा भंग या दोन्ही गोष्टी हद्दपारीची स्वतंत्र कारणे आहेत. म्हणजे सलोख्यासाठी केलेला एक फोन मूळ आरोपापेक्षा महाग पडू शकतो. तिच्याकडे असलेली मुले, औषधे, कागदपत्रे यांविषयी बोलणे आवश्यक असेल तर ते वकिलामार्फत करावे. तिला खरोखर इजा झाली असेल, ती त्या देशात एकटी असेल, तर कुटुंबाच्या मदतीची गरज तिलाही आहे. व्हिसा पतीवर अवलंबून असलेल्या स्त्रीला पोलिसांना फोन करण्यासाठी किती धैर्य लागले असेल, याचा विचार या धावपळीत सहसा कोणी करत नाही.

वाणिज्य दूतावास काय करू शकतो

वाणिज्य दूतावासविषयक व्हिएन्ना करार, १९६३ च्या ३६ व्या अनुच्छेदानुसार अटकेतील परदेशी नागरिकाला त्याच्या देशाच्या दूतावासाशी संपर्काचा हक्क आहे. कुलभूषण जाधव प्रकरणात भारताने याच अनुच्छेदाच्या आधारे आंतरराष्ट्रीय न्यायालयात पाकिस्तानविरुद्ध दाद मागितली आणि १७ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने पाकिस्तानने कराराचा भंग केल्याचा निर्णय दिला. अमेरिका काही देशांच्या नागरिकांच्या अटकेची माहिती दूतावासाला आपणहून देते, पण त्या यादीत भारत नाही. भारतीय नागरिकाने मागणी केली तरच कळवले जाते. म्हणून ‘भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवा’ असे ताब्यातील व्यक्तीने स्वतः सांगणे महत्त्वाचे असते.

वॉशिंग्टनमधील राजदूतावासाबरोबर न्यू यॉर्क, शिकागो, ह्यूस्टन, अटलांटा, सॅन फ्रान्सिस्को, सिएटल आदी ठिकाणी भारताची महावाणिज्य कार्यालये आहेत आणि प्रत्येकाकडे राज्ये वाटून दिलेली आहेत. भारतातील नातेवाइकांना परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा पाठपुरावा करता येतो. अधिकारी तुरुंगात भेट घेऊ शकतात, वकिलांची यादी देतात, तब्येतीची चौकशी करतात आणि गरजू व्यक्तीला भारतीय समुदाय कल्याण निधीतून प्राथमिक कायदेशीर मदत मिळवून देऊ शकतात. ते जामीन भरत नाहीत, न्यायालयात बाजू मांडत नाहीत आणि सुटका करवून आणू शकत नाहीत. खासदार किंवा मंत्र्यांची शिफारस अमेरिकी न्यायाधीशापुढे निरुपयोगी असते. दूतावासाकडून भेट लवकर व्हावी म्हणून तिचा थोडाफार उपयोग झाला, तर तेवढाच.

आतील दिवस

पहिल्या काही दिवसांत मानसिक धक्का सर्वांत तीव्र असतो. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अमेरिकेतील स्थानिक तुरुंगांत मृत्यूचे सर्वांत मोठे एकच कारण आत्महत्या हे होते. टेक्सासमधील वॉलर काउंटीत जुलै २०१५ मध्ये सँड्रा ब्लँड या तरुणीला वाहतूक तपासणीतून अटक झाली. जामीन ५,००० डॉलर होता आणि सुटण्यासाठी ५०० डॉलर हवे होते. तिसऱ्या दिवशी ती कोठडीत मृतावस्थेत आढळली. पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न केल्याची नोंद तुरुंगात प्रवेशाच्या वेळीच झालेली होती. या प्रकरणानंतर तिच्या नावाने २०१७ मध्ये टेक्सासने कायदा केला. आप्ताच्या बोलण्यात निराशेची भाषा जाणवली, पूर्वी नैराश्याचे उपचार झाले असतील, तर संकोच न करता तुरुंगाच्या वैद्यकीय कक्षाला आणि वकिलाला तत्काळ फोनवर आणि लेखी कळवावे. बोललेल्या अधिकाऱ्याचे नाव आणि वेळ टिपून ठेवावी.

मधुमेह, दमा, फिट्स यांसारख्या आजारांची औषधे बाहेरून पाठवता येत नाहीत. डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधाचे रासायनिक नाव वैद्यकीय कक्षाला पाठवावे, कारण भारतीय व्यापारी नावे तेथे कोणालाही समजत नाहीत. शाकाहारी किंवा जैन आहारासाठी कैद्याने स्वतः धार्मिक आहाराचा अर्ज करायचा असतो, तो बहुधा तुरुंगातील धर्मगुरूच्या कार्यालयाकडे जातो. मंजुरी मिळेपर्यंत तुरुंगातील दुकानातून काही विकत घेता यावे म्हणून खात्यात थोडे पैसे टाकावेत. खासगी कंपन्यांमार्फत होणाऱ्या या भरण्यावर शुल्क लागते. पुस्तके बहुतेक ठिकाणी प्रकाशकाकडून किंवा विक्रेत्याकडून थेट आलेलीच स्वीकारली जातात.

बाहेर राहिलेल्या संसाराकडेही कोणीतरी पाहायला हवे. घरभाडे, वाहनतळावर दंड वाढत जाणारी जप्त गाडी, बँकेचे हप्ते. पारपत्र कोठे आहे, तुरुंगातील सामानात की घरी, हे मित्राने पाहून घ्यावे आणि पारपत्र, व्हिसा, प्रवेश नोंद यांच्या प्रती दोन्ही वकिलांना द्याव्यात.

लवकर सुटण्याचा सौदा

अमेरिकेत नव्वद टक्क्यांहून अधिक दोषसिद्धी खटला न चालता, गुन्हा कबूल करून होतात. तुरुंगात बसलेल्या माणसाला ‘आज मान्य करा, आज सुटा’ असा प्रस्ताव मिळतो. घरचेही म्हणतात, सही कर आणि बाहेर ये. दुकानातील उचलेगिरीसारखा किरकोळ दिसणारा गुन्हाही स्थलांतर कायद्यात ‘नैतिक अधःपतन’ दर्शवणारा धरला जातो. प्रवेशानंतर पाच वर्षांच्या आत तो घडला असेल आणि त्यासाठी वर्षभर किंवा अधिक शिक्षेची तरतूद असेल, तर हद्दपारी होऊ शकते. प्रत्यक्ष शिक्षा एका दिवसाची असली तरी फरक पडत नाही.

‘डायव्हर्जन’ म्हणजे समुपदेशन किंवा समाजसेवा पूर्ण केल्यावर आरोप काढून टाकण्याचा कार्यक्रम. त्यात प्रवेश घेताना न्यायालयात गुन्ह्याची कबुली द्यावी लागत असेल, तर राज्याच्या नोंदीत आरोप पुसला गेल्यावरही स्थलांतर कायद्याच्या दृष्टीने ती दोषसिद्धीच राहू शकते. कबुली न घेणारे कार्यक्रमही असतात. कोणत्या शब्दांत, कोणत्या कलमाखाली सही होते यावर सगळे ठरते. म्हणून सहीपूर्वी मसुदा स्थलांतर वकिलाने वाचलेला असावा, मग त्यासाठी आणखी एक तारीख घ्यावी लागली तरी चालेल.

जामिनावर सुटलेल्या मुलाला खटला टाकून भारतात बोलावून घेण्याचा विचारही काही घरांत होतो. तारखेला गैरहजर राहिल्यास वॉरंट निघते, जामीन जप्त होतो आणि परतीचा मार्ग जवळपास बंद होतो. भारत आणि अमेरिका यांच्यात १९९७ चा प्रत्यार्पण करारही आहे.

प्रकरण संपल्यावर, आरोप मागे घेतले गेले असले तरी, न्यायालयाच्या अंतिम आदेशाची प्रमाणित प्रत आणि पोलीस अहवाल मिळवून भारतात व अमेरिकेत एकेक संच ठेवावा. अमेरिकी व्हिसाच्या अर्जात ‘आपल्याला कधी अटक झाली होती का’ असा प्रश्न असतो, ‘शिक्षा झाली होती का’ एवढाच नाही. दहा वर्षांनंतरही त्याचे उत्तर खरे द्यावे लागते, आणि त्या वेळी काउंटीच्या लिपिकाकडे जुनी नोंद सापडेलच याची खात्री नसते.